मालाबरोबर येणारी माहिती : आवक वहीतील रकान्यांचा विचार

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खानदेशातील व्यापारी पेढ्यांवर दिवाळीच्या मुहूर्तावर वहीपूजन करण्याची प्रथा जुनी आहे. नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने 'श्री' रेखाटली जाते, शुभ-लाभ लिहिले जाते, प्रसाद वाटला जातो. या मंगल विधीनंतर मुनीम जे पहिले व्यावहारिक काम करीत असे, त्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नसे. तो वहीच्या कागदाला घड्या घालून किंवा रेघा आखून रकाने पाडीत असे. तारखेसाठी एक, मालधन्याच्या नावासाठी एक, नगासाठी एक, वजनासाठी एक, भावासाठी एक. वर्षभरात पेढीवर येणाऱ्या प्रत्येक मालाला कोणते प्रश्न विचारले जातील, याचा निर्णय त्या घड्यांमध्ये होत असे. ज्या गोष्टीसाठी रकाना नाही, ती गोष्ट कोणी विचारीत नाही. आणि जी विचारली जात नाही, ती वर्षाच्या शेवटी कोणाला सांगताही येत नाही.

आज वहीची जागा संगणकाने घेतली आहे. पुरवठादाराकडून मालाबरोबर बिल येते, वेष्टनावर छापलेला मजकूर येतो, काळ्या रेघांचा बारकोड येतो, मोठ्या कंपन्यांकडून तर मालाच्या माहितीचा संपूर्ण तक्ता अगोदरच येतो. परंतु त्या माहितीला दुकानातील संगणकात कोणत्या रकान्यात बसवावयाचे, हा विचार क्वचितच गांभीर्याने होतो. जो तयार कार्यक्रम विकत घेतला, त्यात असतील ते रकाने. उरलेले सारे 'शेरा' या एका रकान्यात. हिशेब जुळतो, कर भरला जातो, आणि काम भागले असे वाटते. प्रत्यक्षात जैन व्यापाऱ्याचे आणि जैन ग्राहकाचे काम तेवढ्याने भागत नाही. ते का भागत नाही आणि ते भागावे यासाठी काय करावे, हाच या व्याख्यानाचा विषय आहे.

अचौर्य व्रत आणि चार प्रश्न

श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. स्तेनप्रयोग, तदाहृतादान, विरुद्धराज्यातिक्रम, हीनाधिकमानोन्मान आणि प्रतिरूपकव्यवहार अशी त्यांची नावे आहेत. पहिला अतिचार चोरीला प्रवृत्त करण्याचा आहे. उरलेल्या चारांकडे व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. तदाहृतादान म्हणजे चोरीने आणलेला माल घेणे. म्हणजे माल कोठून आला, हा प्रश्न. विरुद्धराज्यातिक्रम म्हणजे राज्याच्या नियमाचे उल्लंघन. म्हणजे माल नियमानुसार आला काय, हा प्रश्न. हीनाधिकमानोन्मान म्हणजे मापातील लबाडी. म्हणजे माल किती आला, हा प्रश्न. प्रतिरूपकव्यवहार म्हणजे भेसळीचा किंवा नकली माल खरा म्हणून देणे; म्हणजे माल नेमका काय आहे, हा प्रश्न.

कोठून, कोणत्या नियमाने, किती आणि काय. आवक वहीचे सगळे रकाने या चार प्रश्नांच्या पोटात बसतात. धर्मग्रंथाने संगणक सांगितला असा याचा अर्थ कोणी काढू नये. अर्थ एवढाच की, हे प्रश्न विचारणे हा करखात्याने लादलेला भार नसून श्रावकाच्या आचाराचाच भाग आहे. व्रत मनात असते, परंतु त्याचे पालन झाले की नाही हे आवक वहीत दिसते.

नंदुरबारच्या मिरचीचे उदाहरण

या विषयासाठी दूरचे उदाहरण शोधण्याची गरज नाही. मिरचीची मोठी बाजारपेठ म्हणून नंदुरबारचे नाव राज्याबाहेरही घेतले जाते. हंगामात बाजार समितीच्या आवारात ओल्या लाल मिरचीची वाहने लागतात, व्यापारी माल घेतात आणि शहराच्या आसपासच्या पथाऱ्यांवर ती मिरची उन्हात वाळत पडते. लाली, जरेला, फापडा, शंकेश्वरी अशा निरनिराळ्या वाणांची आवक होते आणि प्रत्येकाचा भाव वेगळा असतो. आता आवक वहीत एकच ओळ लिहिली, 'मिरची, 100 किलो', तर त्यातून काय समजते?

ओली की वाळलेली, हेच मुळी समजत नाही. ओल्या मिरचीत 70 टक्के पाणी आहे आणि ती 10 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवावयाची आहे, असे धरू. 100 किलो ओल्या मिरचीत पाण्याखेरीजचा भाग 30 किलो. वाळलेल्या मालात तो 90 टक्के असणार. म्हणजे पथारीवरून उतरणारा माल सुमारे 33 किलो. 'ओली/वाळलेली' हा एक रकाना नसेल तर हिशेबात 67 किलोंची तफावत पडते, आणि मग दोष पथारीवरच्या मजुरावर किंवा काट्यावर जातो. करप्रणालीतही हा भेद आहे. वस्तूंच्या वर्गीकरण क्रमांकात ताजी मिरची 0709 या शीर्षाखाली येते आणि वाळलेली किंवा कुटलेली मिरची 0904 या शीर्षाखाली येते. एकाच पिकाचे दोन क्रमांक झाले, कारण व्यवहाराच्या दृष्टीने ते दोन निराळे माल आहेत.

ओलाव्याचा रकाना केवळ व्यापाऱ्याच्या सोयीचा नाही. शेतकऱ्याला भाव कमी का मिळाला याचे उत्तर त्या रकान्यात असते. शहादा किंवा तळोदा तालुक्यातून पहाटे माल घेऊन निघालेल्या शेतकऱ्याला 'माल ओला आहे' असे तोंडी सांगणे आणि त्याच्या पावतीवर वाण, ओलाव्याची टक्केवारी, एकूण वजन, बारदानाचे वजन व निव्वळ वजन असे स्वतंत्रपणे लिहून देणे, यांत मोठे अंतर आहे. पहिल्या प्रकारात त्याला व्यापाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो. दुसऱ्या प्रकारात तो विश्वास त्याला पडताळून पाहता येतो.

एका रकान्यात एकच गोष्ट

रकाने पाडण्याचा पहिला नियम साधा आहे. एका रकान्यात एकच गोष्ट असावी. 'लाली वाळलेली 40 किलो 25 गोणी शहादा' असा मजकूर माणसाला वाचता येतो, परंतु त्यातून शहाद्याहून वर्षभरात किती माल आला हे संगणकाला काढता येत नाही. वाण, अवस्था, गोणीचे वजन, गोण्यांची संख्या आणि ठिकाण असे पाच रकाने केले की तोच मजकूर बोलू लागतो. विशेषतः संख्या आणि तिचे परिमाण यांची सरमिसळ होऊ देऊ नये. 40 हा आकडा एका रकान्यात आणि 'किलो' हा शब्द दुसऱ्या रकान्यात असावा. कारण कोणी क्विंटल लिहील, कोणी गोणी लिहील, आणि गोण्यांची वजने सारखी नसतात.

दुसरा नियम नावांचा. या जिल्ह्यात सहा तालुके आहेत आणि त्यांतील अक्राणी तालुक्याचे मुख्यालय धडगाव असल्याने लोक त्या तालुक्याला दोन्ही नावांनी ओळखतात. एका मुनिमाने 'अक्राणी' लिहिले आणि दुसऱ्याने 'धडगाव' लिहिले, तर संगणकाच्या दृष्टीने ते दोन तालुके झाले. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे जुन्या वह्यांत आणि काही पुरवठादारांच्या जुन्या पत्त्यांत आजही 'जिल्हा धुळे' आढळते. याला उपाय असा की, गाव, तालुका, वाण, परिमाण यांसारख्या रकान्यांत हाताने लिहिण्याची मोकळीक न ठेवता ठरलेल्या यादीतून निवड करावयाची. यादी एकदा विचारपूर्वक करावी आणि तिच्यात भर घालण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे ठेवावा.

मालाच्या नावाचेही तसेच आहे. एक पुरवठादार 'लाल तिखट' लिहितो, दुसरा 'मिरची पावडर', तिसरा 'चिली पावडर'. त्यांचे शब्द खोडून आपले शब्द लिहिण्याची घाई करू नये. पुरवठादाराने दिलेले नाव आणि त्याचा क्रमांक जसाच्या तसा एका रकान्यात राहू द्यावा. दुकानाचे स्वतःचे नाव आणि क्रमांक शेजारच्या रकान्यात असावेत. पुढे वाद झाला तर पुरवठादाराचा मूळ शब्दच उपयोगी पडतो.

तिसरा नियम आकड्यांचा. जे आकडे बेरीज-वजाबाकीसाठी नाहीत, ते आकडे असूनही अक्षरेच समजावीत. वर उल्लेखिलेला 0904 हा क्रमांक संगणकाच्या तक्त्यात संख्या म्हणून भरला तर आरंभीचे शून्य गळून 904 उरते. तेरा अंकी बारकोडही अनेकदा आखूड होऊन अर्धवट दिसू लागतो. हे टाळण्यासाठी असे रकाने प्रथमच 'मजकूर' या प्रकारचे करून ठेवावेत. तारखेचा घोटाळा तर नेहमीचाच. 03/04/2024 ही 3 एप्रिल की 4 मार्च, हे परदेशी मालाच्या बाबतीत सांगता येत नाही. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा एकच क्रम ठरवला की शंका उरत नाही.

ओळखीचे क्रमांक आणि त्यांचा ताळा

वेष्टनावरील बारकोड दुकानात प्रथम वाचला गेला तो 26 जून 1974 रोजी, अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय या गावी. वस्तू होती च्युइंगगमची एक पुडी. आज तो लहान गावातील किराणा दुकानातही वाचला जातो. या तेरा अंकांविषयी दोन गैरसमज रूढ आहेत. 890 ने आरंभ झाला म्हणजे माल भारतात बनला, हा पहिला. वस्तुतः तो अंक एवढेच सांगतो की क्रमांक घेणाऱ्या कंपनीने त्याची नोंदणी भारतातील संस्थेकडे केली आहे. म्हणून 'उत्पादनाचा देश' हा रकाना स्वतंत्र ठेवावा आणि तो वेष्टनावरील मजकूर वाचून भरावा. दुसरा गैरसमज असा की बारकोडमध्ये घटकांची माहिती असते. त्यात फक्त ओळखक्रमांक असतो. माहिती त्या क्रमांकासमोर कोणीतरी भरलेली असते, आणि जशी भरली असेल तशीच ती दिसते.

या क्रमांकातील शेवटचा अंक ताळ्याचा असतो, आणि तो ताळा कोणालाही कागदावर करता येतो. समजा पहिले बारा अंक 890123456789 आहेत. विषम स्थानांवरील अंकांची बेरीज 28. सम स्थानांवरील अंकांची बेरीज 34, तिची तिप्पट 102. दोन्ही मिळून 130. पुढच्या दहाच्या पटीपर्यंत किती हवेत? शून्य. म्हणून तेरावा अंक 0. पुरवठादाराच्या तक्त्यात एखादा अंक चुकला असेल तर हा ताळा जमणार नाही आणि चूक दारातच पकडली जाईल.

वस्तू व सेवा कराचा पंधरा अक्षरांचा क्रमांकही असाच बोलका आहे. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे असतात : महाराष्ट्राचा 27, गुजरातचा 24, मध्य प्रदेशाचा 23. नंदुरबार जिल्हा या तीन राज्यांच्या सीमेवर आहे. सुरतेहून किंवा खेतियाहून आलेल्या बिलाचा कर आणि धुळ्याहून आलेल्या बिलाचा कर निरनिराळ्या खात्यांत जातात. पत्त्यात गुजरात आणि क्रमांकाच्या आरंभी 27 असेल, तर त्या व्यापाऱ्याची महाराष्ट्रात वेगळी नोंदणी आहे की बिलात चूक आहे, हे विचारून घ्यावे. खाद्यपदार्थांच्या बाबतीत अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक 1 जानेवारी 2022 पासून बिलावर लिहिणे बंधनकारक झाले आहे. त्यासाठीही एक रकाना असावा.

हिरवा ठिपका पुरेसा आहे काय?

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळावयास हवे. शासनाने 2000 साली मांसाहारी पदार्थांसाठी आणि 2001 साली शाकाहारी पदार्थांसाठी वेष्टनावर चिन्ह छापणे बंधनकारक केले. शाकाहाराची जोपासना करणाऱ्या सर्वांना हा मोठाच दिलासा होता. 2020 च्या नियमांनी मांसाहाराच्या तपकिरी वर्तुळाच्या जागी त्रिकोण आणला. हिरवे वर्तुळ कायम राहिले. त्यामुळे अनेक दुकानांच्या संगणकांत एक रकाना असतो : 'शाकाहारी : होय/नाही'. जैन ग्राहकाने विचारले की दुकानदार ठिपका पाहून सांगतो, चालेल.

परंतु हिरवा ठिपका कायद्याच्या व्याख्येने चालतो, श्रावकाच्या व्रताने चालत नाही. कायद्याच्या व्याख्येत दुधाबरोबर मध, मधमाश्यांचे मेण आणि लाख यांनाही मांसाहारातून वगळले आहे. जैन परंपरेत मध अभक्ष्य मानला जातो. मेणाचा क्रमांक 901 आणि लाखेचा 904. गोळ्या-चॉकलेटांना चकाकी आणण्यासाठी यांचा वापर होतो. 162 क्रमांकाचा लाल रंग बिटापासून मिळतो. तो पूर्ण शाकाहारी आहे, परंतु बीट हे कंदमूळ आहे. घटकांच्या यादीत नुसते 'स्टार्च' लिहिलेले असेल तर ते मक्याचे की बटाट्याचे, हे समजत नाही. 'मसाले' या एका शब्दाखाली काय काय आहे, हेही वेष्टनावरून नेहमी कळत नाही. कायदा अशा सामुदायिक नावांना परवानगी देतो, आणि ज्याला कांदा-लसणाचा त्याग आहे त्याच्यासाठी नेमका तोच शब्द अपुरा ठरतो.

ही अडचण केवळ जैनांची नाही. डिसेंबर 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका याचिकेवर आदेश देताना असे स्पष्ट केले की, खाद्यपदार्थातील प्रत्येक घटक केवळ सांकेतिक क्रमांकाने दाखवणे पुरेसे नाही. तो वनस्पतीपासून, प्राण्यापासून की प्रयोगशाळेत तयार झाला, हे प्रमाण कितीही अल्प असले तरी सांगितले पाहिजे. त्या प्रकरणात 631 क्रमांकाच्या चववर्धकाची चर्चा झाली. हा पदार्थ मांस किंवा मासळीपासून मिळवता येतो, तसाच आंबवण्याच्या प्रक्रियेनेही मिळवता येतो. क्रमांक एकच, उगम दोन. 471 क्रमांकाच्या पदार्थाचेही तसेच. त्यातील स्निग्धांश वनस्पतीचा असू शकतो आणि प्राण्याचाही. म्हणून घटकाचे नाव हा एक रकाना आणि घटकाचा उगम हा दुसरा रकाना, असा भेद करणे अनिवार्य आहे.

'जैन : होय/नाही' असा एकच रकाना ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. समाजात सर्वांचे नियम सारखे नाहीत. कोणी कंदमूळ घेत नाही परंतु सुंठ-हळद वाळलेली घेतो, कोणाला चातुर्मासापुरता त्याग असतो, कोणाला आयंबिलासाठी दूध-तूप-तेल नसलेला पदार्थ हवा असतो. दळलेल्या पिठाची ऋतूनुसार मर्यादा पाळणाऱ्या घरांना 'वापराची अंतिम तारीख' उपयोगाची नाही. त्यांना दळल्याची तारीख हवी असते. कोणाला काय चालेल हा निर्णय दुकानदाराने घेऊ नये. त्याने वस्तुस्थितीचे रकाने ठेवावेत : कंदमूळ आहे काय, कांदा-लसूण आहे काय, मध आहे काय, प्राणिज उगमाचा घटक आहे काय, केव्हा दळले. निर्णय ज्याचे व्रत त्याने करावा.

'माहीत नाही' हेही उत्तर आहे

अशा प्रत्येक रकान्यात तीन उत्तरांची सोय असलीच पाहिजे : आहे, नाही आणि माहीत नाही. बहुतेक संगणकांत दोनच असतात. मग पुरवठादाराने काहीच कळवले नसेल तेव्हा रकाना आपोआप 'नाही' असा राहतो, आणि पुरवठादाराचे मौन ग्राहकासमोर ग्वाही होऊन जाते. 'यात कंदमूळ नाही' आणि 'यात कंदमूळ आहे की नाही हे विचारलेले नाही', या दोन वाक्यांत एखाद्या वृद्ध श्राविकेच्या आयुष्यभराच्या त्यागाचे अंतर आहे. भुईमूग, दूध किंवा गहू यांची ज्याला बाधा होते अशा रुग्णासाठी तर ते प्रकृतीच्या प्रश्नाइतके मोठे अंतर आहे.

त्याबरोबरच माहितीचा आधार लिहावा. वेष्टन वाचून भरली, पुरवठादाराच्या लेखी पत्रावरून भरली, की तपासणीच्या अहवालावरून? कोणत्या दिवशी, कोणी भरली? कंपन्या घटक बदलतात. गेल्या वर्षी सूर्यफुलाचे तेल होते, या वर्षी दुसरे असेल. नवी माहिती आली की जुनी पुसू नये, तिच्याखाली नवी ओळ लिहावी. जुन्या बहीखात्यांत चुकीची रक्कम खोडून टाकण्याऐवजी तिची उलट नोंद करण्याची शिस्त होती. तीच शिस्त येथेही उपयोगी पडते.

मागे जाण्याची वाट

या साऱ्या खटाटोपाची किंमत संकटाच्या वेळी कळते. 2003 साली युरोपात भारतातून गेलेल्या मिरची पुडीत सुदान-1 हा रंग आढळला. तो औद्योगिक रंग असून अन्नात त्याला बंदी आहे. युरोपीय संघाने त्याच वर्षी मिरचीच्या आयातीवर तपासणीच्या प्रमाणपत्राची सक्ती केली. तरीही फेब्रुवारी 2005 मध्ये ब्रिटनमध्ये मोठा हाहाकार उडाला. 2002 साली खरेदी केलेली भेसळयुक्त मिरची पूड एका सॉसमध्ये गेली होती आणि तो सॉस इतर शेकडो तयार पदार्थांत गेला होता. चारशेहून अधिक वस्तू दुकानांच्या फळ्यांवरून उतरवाव्या लागल्या. एका मालाचा दोष, परंतु तो कोणकोणत्या डब्यात शिरला हे शोधण्यासाठी प्रत्येक कारखान्याला आपल्या आवक नोंदी उघडाव्या लागल्या.

तेव्हापासून जगभर एक साधी अपेक्षा रूढ झाली आहे : माल कोणाकडून आला आणि कोणाकडे गेला, ही मागची एक आणि पुढची एक पायरी प्रत्येक व्यापाऱ्याला सांगता आली पाहिजे. भारतातही 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात सदोष माल परत बोलावण्याची जबाबदारी घातली असून त्याच्या कार्यपद्धतीचे नियम 2017 साली आले. त्यासाठी लागणारा रकाना वेष्टनावर छापलेलाच असतो : खेप क्रमांक, ज्याला बॅच नंबर म्हणतात. वेष्टनावर तो असतो, बिलावर अनेकदा नसतो, आणि दुकानाच्या संगणकात तर जवळजवळ कधीच नसतो. मग एका खेपेविषयी शंका आली की दुकानदाराला सगळाच माल बाजूला काढावा लागतो, किंवा काहीच न काढता गप्प बसावे लागते. सुट्या मालाच्या बाबतीत दुकानाने स्वतः खेप क्रमांक द्यावा. पथारीवरील कोणता ढीग कोणत्या दिवशीच्या आवकेचा, हे एका चिठ्ठीने सांगता येते. ढीग एकत्र मिसळले की कोणत्याही संगणकाला ते सांगता येत नाही.

आरंभ कसा करावा

एवढे सगळे ऐकून लहान दुकानदाराला दडपण येणे स्वाभाविक आहे. म्हणून शेवटी मर्यादेचाही विचार सांगणे अगत्याचे आहे. अपरिग्रहाचे तत्त्व रकान्यांनाही लागू पडते. ज्याचे उत्तर कोणी वाचणार नाही, असा रकाना पाडू नये. रकाने फार झाले की भरणारा मुलगा प्रत्येकात आडवी रेघ मारून मोकळा होतो, आणि रिकाम्या रकान्यापेक्षा कंटाळून भरलेला रकाना अधिक घातक असतो.

प्रथम दहा रकाने पुरेत : आवकेची तारीख, पुरवठादार, त्याचा कर क्रमांक, मालाचे त्याने दिलेले नाव, दुकानाचा माल क्रमांक, खेप क्रमांक, निव्वळ संख्या, परिमाण, तयार केल्याची तारीख आणि नोंद करणाऱ्याचे नाव. खाद्यपदार्थ असेल तर परवाना क्रमांक, वापराची अंतिम तारीख आणि वर सांगितलेले आहारविषयक रकाने जोडावेत. संगणक नसेल तर आखलेली वही चालते. मग पुरवठादाराला एकच छापील तक्ता पाठवावा आणि नम्रपणे कळवावे की पहिल्या खेपेबरोबर हा भरून यावा. जो भरून देतो त्याचा माल आधी घ्यावा. एका दुकानाने विचारले तर पुरवठादार दुर्लक्ष करील. गावातील वीस दुकानांनी तोच तक्ता पाठवला तर तो भरील. म्हणून हे काम एकेकट्या पेढीपेक्षा समाजाने एकत्र येऊन करण्याजोगे आहे.

भोजनशाळा किंवा आयंबिल खाते चालवणाऱ्या संस्थांनी यात पुढाकार घेतला तर अधिक शोभून दिसेल. तेथे येणारे धान्य, तेल, मसाले, दात्यांनी दिलेल्या वस्तू यांच्याविषयी तपस्वी व्यक्ती प्रश्न विचारीत नाही. ताटात आले ते श्रद्धेने स्वीकारते. ज्याने प्रश्न विचारायचा नाही असे ठरवले आहे, त्याच्या वतीने तो प्रश्न कोठारातील वहीने विचारला पाहिजे. समाजातील संगणक जाणणाऱ्या तरुण-तरुणींनी आणि मालाची पारख असणाऱ्या ज्येष्ठांनी एकत्र बसून असा एक तक्ता तयार करावा. तरुणाला रकाना कसा पाडावा हे ठाऊक असते. वाण आणि खेप यांत काय विचारावे हे ज्येष्ठाला ठाऊक असते. दोघांपैकी एकट्याने केलेला तक्ता अपुरा राहील.

येत्या वहीपूजनापूर्वी गावातील दहा-वीस पेढ्यांनी जरी असा समान तक्ता स्वीकारला, तरी सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजाच्या हातून एक टिकाऊ काम झाले असे म्हणता येईल. त्या कामास सर्वांचे सहकार्य लाभो, ही सदिच्छा.

जय जिनेंद्र.